अकरा गाण्यांतली शिट्टी

“आणि ती शिट्टी मात्र काढू नका हं,” कंपनीची बाई म्हणाली आणि मी खुर्चीत ताठ झालो. कारण त्या शिट्टीबद्दल मी आजवर कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता, बायकोपाशीही नाही. सहा वर्षं ती माझ्या दोन्ही कानांत आहे, डावीकडे जरा जास्त. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती जागी असते, आंघोळीच्या पाण्याखाली थोडी बुडते, टॉवेलने डोकं पुसेपर्यंत पुन्हा वर येते. आणि ही तिशीतली बाई सकाळी अकरा वाजता काचेच्या खोलीत, खुर्चीवर पाय दुमडून बसून मला ती काढू नका म्हणून सांगत होती. क्षणभर मला खरोखर वाटलं की हिला माझ्या डोक्यातलं ऐकू येतंय. मग वाटलं, इतकी वर्षं आत कोंडलेली ती शिट्टी गाता गाता तोंडावाटे बाहेर पडली आणि मायक्रोफोनमध्ये शिरली. माणूस घाबरला की त्याला काय वाटेल याचा नेम नसतो. “कुठली शिट्टी?” एवढंच विचारायचं होतं. ते न विचारता मी हातातला कागदी कप टेबलावर ठेवला आणि तो अगदी मधोमध आहे ना ते पाहत राहिलो. “पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत आहे ना ती, एकदम बारीक, वरच्या वर,” ती सांगत होती. “आधी मला वाटलं आमचे स्पीकर बिघडले. मग दुसऱ्या गाण्यात तीच, तिसऱ्यात तीच. मग ट्यूब पेटली, अरे, हा तर यांचा जुना खेळ! गाणं सुरू व्हायच्या आधी तुमचा अ‍ॅम्प तो कुंईऽ करायचा ना? कॉलेजात आम्ही त्यावर जीव टाकायचो. आणि आता सगळं सगळं काढून टाकल्यावर तेवढीच उरलीय. काय डोकं लावलंय तुम्ही!” पलीकडे बटणांवर बसलेला माणूस हसला. “मी तर कापायलाच निघालो होतो,” तो म्हणाला, “मॅडमनी हात धरला.” त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. “विचार करूनच ठेवलीय,” मी म्हणालो.

अल्बमचं नाव मी ‘कोणाशिवाय’ ठेवलं होतं. अकरा गाणी, एक लाकडी गिटार, एक मायक्रोफोन, एक माणूस. वेष्टनावर माझ्या नावाखाली बारीक अक्षरांत गायन, वादन, ध्वनिमुद्रण असं लिहून पुढे ‘तोच’ एवढाच शब्द छापायचा ठरला होता. तो शब्द सुचला त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश झालो होतो की घरात शीळ घालत हिंडत होतो. अठरा वर्षं आम्ही चौघं मिळून कान फाटेल एवढ्याने वाजवायचो. लोक म्हणायचे, पोटात धडधडतं यांचं गाणं ऐकताना. मग चौघांतला एक सोडून गेला, मागोमाग दुसरे दोघे गळाले, आणि मी एकटा उरलो तेव्हा लोकांनी मला मोडीत काढलं. ते चौघांचं होतं, हा एकटा काय करणार, असं एकाने तर छापूनच टाकलं होतं. ते कात्रण मी जपून ठेवलंय. तेव्हा हा अल्बम म्हणजे त्या सगळ्यांच्या तोंडावर मारलेलं उत्तर होतं. मुलाखतींत मी सांगायचो की आवाज गाळत गाळत मी इथवर आलो, आता मला शांततेतलं गाणं सापडलंय. शांतता हा शब्द मी जरा हळू उच्चारायचो. खरं कारण एवढंच होतं की मला मोठा आवाज सोसेना. अ‍ॅम्प सुरू केला की कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, आणि बंद केला की समोरच्याच्या बोलण्यातले स, श, फ गळून पडायचे, मग उरलेल्या अक्षरांवरून मी वाक्य जुळवायचो. मी कुणा डॉक्टरकडे गेलो नाही. कानाचा डॉक्टर मला ठरावीक प्रश्न विचारेल, आणि त्यांची उत्तरं मी अकरा वर्षांपूर्वीच एका माणसाच्या बाबतीत भर सभागृहात दिलेली होती.

घरी येताना मी रस्त्याच्या कडेला दोनदा थांबलो. एकदा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून हेडफोन लावले आणि पहिलं गाणं पुन्हा ऐकलं. माझा श्वास होता, तारेवरून बोट सरकल्याचा करकर आवाज होता, आणि शिट्टी होती. हेडफोन काढले तरी होती. पुन्हा लावले, काढले, लावले. शेजारी उभी असलेली एक म्हातारी माझ्याकडे अशी पाहू लागली की मी उठलोच. ज्याला सगळ्या जगात एकच शिट्टी ऐकू येते त्याने दुसरी शोधायची कशी, हे काही मला उमगेना. घरी बायको स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. मी मोठ्या साळसूदपणे फडताळावरचा छोटा स्पीकर सुरू केला आणि गाणं लावलं. “कसं वाटतं?” मी विचारलं. ती कामात होती. “चांगलंय की,” ती म्हणाली. “पण त्या उंदराच्या यंत्राचं मला नवल वाटतं बाई. आधी वाटलं, बंद करायचं विसरलास. मग म्हटलं, विसरेल कसा, केवढ्याने किंचाळतं ते! मी गच्चीत कपडे वाळत घालायला जायचे ना, तर दात शिवशिवायचे माझे. तेव्हा मुद्दामच ठेवलं असशील. तुमच्या त्या जुन्या कुंईसारखं.” मी फळीला टेकलो. “मग तेव्हाच बोलली का नाहीस?” “काय बोलायचं? तुला कुणी काही सांगितलेलं चालतं का?” ओट्यावरचं फडकं पिळून तिने नळावर टाकलं आणि माझ्याकडे वळली. “मुद्दामच ठेवलंस ना?” “मग काय,” मी म्हणालो.

ते यंत्र मीच आणलं होतं. गच्चीलगतच्या अडगळीच्या खोलीत मी जुन्या गाद्या भिंतींना उभ्या करून, दाराला ब्लँकेट लावून माझं रेकॉर्डिंगचं ठिकाण केलं, आणि पहिल्याच आठवड्यात उंदरांनी मायक्रोफोनची वायर कुरतडली. औषध घालायला बायको तयार नव्हती, कोपऱ्यात मरून पडले तर काढणार कोण म्हणून. मग हे यंत्र. पांढरं, साबणाच्या वडीएवढं, मागे भिंतीतल्या प्लगात घालायच्या दोन पिना आणि पुढे बारीक जाळी. दुकानदार म्हणाला, याचा आवाज फक्त उंदरांना येतो, माणसाला येत नाही. मी प्लगात घातलं, कान देऊन ऐकलं, काही आलं नाही. वा, मी म्हटलं, खरं बोलला बिचारा. त्याचा लाल दिवा आठ दिवसांत गेला, पण उंदीर पुन्हा दिसले नाहीत, तेव्हा मी ते विसरून गेलो. चाळीस दिवस मी त्या खोलीत बसून गायलो, डोळे मिटून, एकेक ओळ तीस तीस वेळा, माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत गाणी, आणि हे माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर अखंड किंचाळत होतं. दुकानदाराच्या हिशेबाने माझी बायको, कंपनीची बाई आणि बटणांवरचा माणूस हे सगळे उंदीर ठरत होते. मी एकटा माणूस. त्या दुपारी मी खोलीत जाऊन ते प्लगातून काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. काढल्यावर काय थांबतं आणि घातल्यावर काय सुरू होतं याची वाट बघत किती वेळ उकिडवा बसलो होतो कोण जाणे. उठलो तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या. कंपनीला कळवायला हवं होतं की काढून टाका ती शिट्टी, चूक झाली. मग त्यांनी विचारलं असतं, चूक कशी झाली, तुम्हाला ऐकू आली नाही का? मी संध्याकाळी कळवलं की अल्बम आहे तसाच जाऊ द्या.

आमचा ड्रम वाजवणारा माझा मावसभाऊ होता. लहानपणापासून त्याला सगळे ठोक्या म्हणत, कारण घरातलं एकही पातेलं त्याने ठोकल्यावाचून सोडलं नव्हतं. मावशी म्हणायची, याला पोळी वाढली तर आधी ताट वाजवून बघतो. मी तेरा वर्षांचा आणि तो बारा, तेव्हापासून आम्ही एकत्र वाजवत होतो. स्टेजवर माझा अ‍ॅम्प त्याच्या डाव्या हाताला असायचा, अगदी कानाच्या उंचीवर. ती जागा मीच निवडली होती, तिथून त्याचा आवाज मला झकास यायचा. “जरा पुढे सरकव ना रे,” तो म्हणायचा, “रात्रभर कानात वाजत राहतं.” मी म्हणायचो, “म्हाताऱ्या, कापूस घाल.” मग हळूहळू तो माझ्याकडे टक लावून वाजवायला लागला. मला तो कौतुकाचा भाग वाटे. पुढे कळलं की त्याला गाण्याचा शेवट ऐकू येत नाही, मी गिटारची मान उचलली की तो थांबतो. हे त्यानेच मला सांगितलं होतं, फक्त मला, एका जिन्यात. “तू मान उचलत जा, मी सांभाळतो बाकीचं,” तो म्हणाला. दोन वर्षं मी उचलत गेलो. एका संध्याकाळी पुढे फोटोवाले होते, मी त्यांच्याकडे तोंड करून, पाठ त्याच्याकडे करून शेवटचा सूर मारला आणि मान उचलायची राहून गेली. आम्ही तिघे थांबलो आणि तो वाजवतच राहिला, एकटा, डोळे माझ्या पाठीवर. सभागृह हसलं. मला ते हसू माझ्यावर आल्यासारखं झालं. मी मायक्रोफोनकडे वळलो आणि म्हणालो, “आमचा ड्रमवाला बहिरा झालाय, टाळ्या जरा जोरात वाजवा!” लोक खदखदून हसले आणि त्यांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. ठोक्याने टाळ्या पाहिल्या, घाम पुसला, उठून उभा राहिला आणि काठ्या छातीशी धरून वाकला. लोक आणखी हसले. तो आणखी एकदा वाकला.

मी काय म्हणालो ते त्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. तो तालमीला आला नाही आणि मी बोलवायला गेलो नाही. मी मान उचलली नव्हती, हे त्याने कुणाला सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. तेव्हा लोकांच्या लेखी तो बहिरा ठरला आणि मी विनोदी. मावशी वर्षातून एकदा फोन करते, प्रकृती विचारते, आणि त्याचं नाव न घेता फोन ठेवते. तिला शोभणारा राग तिने कधी केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं. अल्बम निघाला तसं माझं कौतुक सुरू झालं. मी वाचलं की ती शिट्टी म्हणजे माझ्या गेलेल्या तारुण्याचा शेवटचा धागा आहे. मी वाचलं की ती दर गाण्यात थोडी वेगळी आहे आणि सातव्या गाण्यात तर ती रडते. मुलाखत घ्यायला आलेल्या एका मुलीने विचारलं, ती कशावर वाजवलीत? मी गूढ हसलो. हे हसणं मला फार चांगलं जमतं, समोरच्याचं वाक्य अर्धं कळलेलं असलं की मी तेच वापरतो. गाण्यांबद्दल कुणी बोलेना. चाळीस दिवस घासून घासून केलेल्या ओळी, त्यांतल्या दोनतीन खरोखर बऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. मग कंपनीच्या बाईने रविवारी संध्याकाळी पाच वाजताचा कार्यक्रम ठरवला, तीनशे खुर्च्यांचं सभागृह, आणि फोनवर म्हणाली, “तिथेही ती शिट्टी हवीच हं, लोक त्यासाठीच येतायत.” तिचं बोलणं तुटक येत होतं, पण शिट्टी हा शब्द आता मला नुसत्या ‘ट्टी’वरूनही कळायला लागला होता.

शनिवारी सकाळी मी यंत्र खोलीतून आणताना ते जिन्यात हातातून सुटलं. चार पायऱ्या उड्या मारत गेलं. उचलून हलवलं तर आत काहीतरी खुळखुळलं. प्लगात घातलं, पण दिवा नाही, आवाज नाही, म्हणजे मला जसं ते कायम होतं तसंच होतं. बायको तिच्या बहिणीकडे गेली होती, सोमवारी येणार होती. ती असती तर तिच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं असतं, तेवढा तरबेज झालो होतो मी. विजेच्या वस्तू दुरुस्त करणारी चार दुकानं आमच्या रस्त्यावर आहेत. त्यांतलं एकही मला चाललं असतं. मी ठोक्याकडे गेलो. कारण मला माहीत आहे आणि ते सांगायला लाज वाटते: ज्याला ते ऐकू येत नाही अशा एका माणसाजवळ मला थोडा वेळ बसायचं होतं.

तो जळालेल्या विजेच्या मोटारी आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो, हे मला मावशीकडून कळलं होतं. दुकानात तांब्याच्या तारेची रिळं टांगलेली होती, वॉर्निशचा उग्र वास होता, आणि तो एका चालू पंपावर वाकला होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून, डोळे मिटून. दोन्ही कानांमागची कातडीच्या रंगाची यंत्रं काढून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने डोळे उघडले, पंप बंद केला, खिशातून एकेक यंत्र काढून कानात बसवलं. सगळं इतकं सावकाश की मला पळून जायला भरपूर वेळ होता. “बेअरिंग गेलंय,” तो म्हणाला, पंपाबद्दल. आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला होता. मग म्हणाला, “बस. तो स्टूल नको, तो हलतो.” मी यंत्र पुढे केलं. “काय आहे?” “उंदीर पळवायचं.” “पळतात?” “पळाले असावेत.” “मग आता कशाला हवंय?” “कार्यक्रमात लागतं,” मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि मग त्याला हसू आलं. खांदे हलवत, आवाज न करता, लहानपणी मावशीसमोर हसायचा तसा. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी वाटलं की याने असंच हसत राहावं.

त्याने झाकणाचे स्क्रू काढले. हात तेच होते, जाड, नखांत काळं भरलेलं. “ऐकला तुझा अल्बम,” तो मान खाली घालूनच म्हणाला. “चांगलाय. शब्द कळतात. पूर्वी कळायचे नाहीत.” मग थोड्या वेळाने, “मुलगी म्हणते त्यात शिट्टी आहे. मी दोनदा लावून पाहिला, मला काही सापडली नाही. माझी स्वतःची आहेच म्हणा. डावीकडची जरा जाड आहे. पंखा लावून झोपतो, म्हणजे बुडते. सकाळी उठायच्या आधी येऊन बसलेली असते बघ, पाहुण्यासारखी.” मी त्याच्या हातांकडे बघत होतो. मीही पंखा लावून झोपतो. थंडीतही लावतो, बायकोला सांगतो की मला गुदमरतं. ती दोन पांघरुणं घेते. अकरा वर्षांत माझ्याशी कुणीही इतकं माझ्या घरातलं बोललं नव्हतं. “माझीही,” एवढाच एक शब्द होता. तो माझ्या घशापर्यंत आला होता, मला त्याची चव आठवते. पण मग त्याच्या मागे बाकीचं सगळं आलं असतं, ती संध्याकाळ, ते फोटोवाले, न उचललेली मान. आणि अल्बम, आणि तो ‘तोच’. मी म्हणालो, “लवकर होईल ना?”

त्याने मीटरच्या दोन सुया लावल्या, काटा हलला. “करंट तर घेतंय,” तो म्हणाला. यंत्राची आतली उघडी पट्टी चालू वायरीसकट माझ्याकडे सरकवून तो टेबलाच्या खणात काहीतरी शोधू लागला. मी ती पट्टी उचलून कानाशी धरली. कपाळाला एक आठी घातली, मान थोडी कलती केली, बारीक ऐकणारी माणसं करतात तशी. “वाजतंय,” मी म्हणालो. तो थांबला. “वाजतंय?” “हो. स्वच्छ. थोडा आवाज कमी झालाय पडल्यामुळे, पण वाजतंय.” त्याने डावा हात माझ्यासमोर आणला आणि मूठ उघडली. तळहातावर एक पितळी चकती होती, बटणाएवढी, तिला तुटलेल्या दोन वायरी. “ही वाजते,” तो म्हणाला. “ही सुटली होती. अजून जोडायचीय.” बाहेर रस्त्यावरून काहीतरी जड वाहन गेलं असावं, टेबल हललं. मी पट्टी खाली ठेवली. त्याने खुर्ची पुढे ओढली, चेहरा माझ्या समोर आणला, मला ओठ दिसावेत असा, आणि आवाज मुद्दाम हळू करून विचारलं, “कधीपासून?” असं मला आयुष्यात पुन्हा कुणी विचारणार नाही. त्या विचारण्यात टोमणा नव्हता. असता तर मी कदाचित रडलो असतो आणि सगळं सांगून मोकळा झालो असतो. मी म्हणालो, “कसलं कधीपासून? मला काही झालेलं नाही. मी काय तुझ्यासारखा आहे?”

तो मागे सरकला. डाग देण्याची सळई तापेपर्यंत आम्ही दोघंही तिच्या टोकाकडे बघत बसलो. मग त्याने चकती जोडली, झाकण लावलं, यंत्र प्लगात घातलं, आणि लगेच वरच्या मजल्यावरून त्याच्या मुलीचा आवाज आला. मला नुसता आवाज आला, शब्द नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्यालाही शब्द आले नसावेत. ती जिन्यात येऊन ओणवी झाली तेव्हा दोघांनीही तिचे ओठ वाचले: बंद करा ते. “चालू आहे,” ठोक्या म्हणाला आणि यंत्र काढून माझ्या हातात दिलं. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाला, “उद्या येतो मी.” “कशाला? तुला काय ऐकू...” मी तोंड मिटलं, पण तो ओठांकडेच बघत होता. “बघायला येतो,” तो म्हणाला.

रविवारी सभागृह भरलं होतं. स्टेजवर एक खुर्ची, एक मायक्रोफोन, आणि माझ्या पायाशी भिंतीतून ओढून आणलेल्या वायरीच्या टोकाला ते पांढरं यंत्र, लोकांना दिसावं अशा बेताने, त्यावर बाईने एक छोटा दिवा सोडला होता. देवासारखं दिसत होतं. मी बटण दाबलं आणि पुढच्या रांगांकडे पाहिलं. तरुण चेहऱ्यांच्या भुवया आक्रसल्या, एकीने दात दाबले, मग सगळे हळूहळू ते सुख असल्यासारखे हसले. म्हणजे चालू होतं. मी गायला लागलो. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर ठोक्या बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात मांड्यांवर. त्याची बोटं हलत होती. मी गाण्यात कुठे घाई केली, कुठे मागे राहिलो, हे त्या बोटांवरून मला दिसत होतं, आणि न ठरवता मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. तीन गाणी आम्ही तशी वाजवली. खोटं कशाला बोलू, अकरा वर्षांत मी इतकं चांगलं गायलो नव्हतो. तिसऱ्याच्या शेवटी माझ्याही नकळत मी गिटारची मान उचलली, आणि त्याची बोटं थांबली.

टाळ्या झाल्या आणि ओसरल्या. मी पाण्याचा घोट घेत होतो तेव्हा मागच्या अंधारातून कुणीतरी काहीतरी ओरडलं. पुरुषाचा आवाज, पाचसहा शब्द असतील. त्यातला एकही मला आला नाही. बहुधा शिट्टीबद्दल असेल, बहुधा माझ्याबद्दल. सभागृह खदखदून हसलं. तीनशे तोंडं उघडी दिसत होती, पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. काहीतरी करायला हवं होतं, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. मी पेला खाली ठेवला, गूढ हसलो, गिटार छातीशी धरून उभा राहिलो आणि वाकलो. हसणं वाढलं. वर होताना मला ठोक्या दिसला. सबंध सभागृहात खरं हसू न आलेले आम्ही दोघेच होतो. ते शब्द त्यालाही आले नव्हते, पण मी काय केलं ते त्याला दिसलं होतं, आणि ते त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? तो खुर्चीतून अर्धा उठला आणि माझ्याकडे बघत मान हलवू लागला. नको, नको. हात वर करून, तळवा माझ्याकडे करून, नको. मी त्याच्यावरून नजर काढली. मायक्रोफोनला ओठ लावले आणि म्हणालो, “धन्यवाद.”

ते पुन्हा हसले, आधीपेक्षा मोठ्याने, आणि आता टाळ्याही वाजवू लागले. मी पुन्हा वाकलो.